मुलांना घेऊन बोर्डगेम थीमच्या इनडोअर केंद्रात जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो, तिथे तसं सांगितलं आहे. प्रत्येक केंद्राचे स्वतःचे नियम असतात आणि ते बदलतात, म्हणून जिथे केंद्राला विचारणं गरजेचं आहे तिथे नेमकं काय विचारायचं तेही दिलं आहे.

अशा ठिकाणी नेमकं असतं काय? साध्या प्ले-एरियापेक्षा वेगळं काय?

प्ले-एरियात मूल आपल्या मर्जीने उड्या मारतं, घसरतं, पळतं. इथे नियम असतात आणि पाळी असते. मुख्य आकर्षण म्हणजे जमिनीवरचा भलामोठा पट. त्यावर मूल स्वतःच सोंगटी होऊन चालतं, स्पंजचा मोठा फासा टाकतं आणि पडलेल्या दानाप्रमाणे घरं मोजत पुढे जातं. माणसांनी सोंगट्या व्हायची कल्पना जुनीच आहे. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात फरशीवर पचिसीचा पट आहे, आणि इटलीतल्या मारोस्तिका गावात दर सम वर्षी माणसांचं बुद्धिबळ खेळलं जातं. बंदिस्त जागेत, तिकीट लावून, एकाच खेळावर अख्खं केंद्र उभारणं मात्र अलीकडचं. मोनोपॉली या जागा विकत घ्यायच्या खेळावरचं हाँगकाँगमधलं केंद्र, मोनोपॉली ड्रीम्स, 2019 साली सुरू झालं.

मोठ्या पटाखेरीज बहुतेक केंद्रांत तीन गोष्टी सापडतात: खेळातल्या घरांवर बेतलेल्या खोल्या (तुरुंग, बँक, खजिना वगैरे), पडद्यावरचे किंवा सेन्सरवरचे छोटे खेळ, आणि टेबलावर बसून खेळायचा विभाग. यांतलं काय आहे आणि काय नाही हे आधी बघा. नाव एकच असलं तरी एका केंद्रात दीड तास पटावर जातो, तर दुसऱ्यात पट फक्त फोटोपुरता असतो आणि खरा भर खोल्यांवर असतो.

कोणत्या वयापासून न्यावं?

केंद्राने लिहिलेलं वय हे प्रवेशाचं वय असतं. मजा कधीपासून येईल ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी तीन गोष्टी बघा: मूल फाशावरचे ठिपके न मोजता ओळखतं का, एका घरावर एक पाऊल असं मोजत सहा घरं चालतं का, आणि दुसऱ्याची पाळी चालू असताना दोन-तीन मिनिटं थांबतं का. पहिल्या दोन गोष्टी साधारण पाच वर्षांपर्यंत जमतात. तिसरी सगळ्यात उशिरा येते आणि बहुतेक भेटी तिथेच फसतात.

साप-शिडीसारखा निव्वळ दानावरचा खेळ चार-पाच वर्षांच्या मुलाला पुरतो. खरेदी-विक्री, भाडं, सुट्टे पैसे असलेला पट आठच्या पुढे रंगतो. मोनोपॉलीच्या नेहमीच्या डब्यावर 8+ आणि लहान मुलांसाठीच्या मोनोपॉली ज्युनिअरच्या डब्यावर आवृत्तीप्रमाणे 4+ किंवा 5+ लिहिलेलं असतं, आणि मोठ्या पटालाही हा अंदाज चांगला लागू पडतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पुढचा प्रश्न पाहा.

मोठी मुलगी सात वर्षांची, धाकटा दोन वर्षांचा. धाकट्याला सोबत नेऊ की घरी ठेवू?

दोन मोठी माणसं जाणार असाल तर न्या. एकच मोठा माणूस असेल तर नेऊ नका. दोन वर्षांचं मूल पटावर आलं की सोंगट्या हलतात, फासा पळवला जातो आणि थोरलीचा डाव मोडतो. शिवाय टेबल विभागातले फासे, मण्यांएवढ्या सोंगट्या आणि चकत्या या वयात थेट तोंडात जातात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळणं सुरक्षित आहे का हे तपासायला जी नळी वापरतात, तिचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो तो या वयासाठी धोक्याचा. नेहमीचा फासा 16 मिलिमीटरचा असतो, म्हणजे तो सहज मावतो.

बाबागाडी आत चालते का, की दारापाशी ठेवावी लागते, हे विचारा. दाराशी ठेवावी लागत असेल तर झोपलेलं मूल दीड तास कडेवर घ्यायची तयारी हवी.

किती वेळ काढून जावं?

तिकिटावर एक तास लिहिलं असेल तर घरून निघताना दोन तासांचा हिशेब धरा. आधीची 20 मिनिटं नोंदणी, मनगटपट्टी, मोजे, सामान ठेवणं आणि शौचालय यांत जातात. स्लॉट सुरू झाल्यावर नियम सांगायला आणखी पाच-दहा मिनिटं लागतात, आणि बहुतेक ठिकाणी ती तुमच्याच वेळातून जातात. शौचालयाचं काम स्लॉट सुरू होण्याआधीच उरका. पाळी आलेली असताना मुलाला शू लागली तर अख्खा पट थांबतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी सलग एक तास भरपूर. त्याहून मोठं पॅकेज घेतलंच तर पट आधी आणि खोल्या नंतर असा क्रम ठेवा. दमलेलं मूल खोलीत हिंडू शकतं, पण पाळीची वाट बघू शकत नाही.

कोणता दिवस आणि कोणता स्लॉट घ्यावा?

सुट्टी नसलेल्या दिवशी सकाळचा पहिला स्लॉट सगळ्यात चांगला. पट स्वच्छ असतो, सेन्सर नुकतेच तपासलेले असतात, आवाज कमी असतो आणि आधीच्या गटाचा उशीर तुमच्यावर येत नाही. पावसाळी सुट्टीचा दिवस सगळ्यात वाईट, कारण त्या दिवशी बाहेरची सगळी ठिकाणं सोडून लोक आत येतात. लहान मुलाच्या झोपेच्या वेळेला लागून असलेला स्लॉट कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नका.

बुकिंगआधी केंद्राला काय विचारायचं?

हे सात प्रश्न फोनवर दोन मिनिटांत होतात. पट फक्त आमच्या गटाला मिळेल की अनोळखी लोकांसोबत? एका डावात कमाल किती भिडू? खेळ चालवायला त्यांचा माणूस असतो का? न खेळणाऱ्या पालकाला तिकीट लागतं का? उंचीची अट कुठल्या भागाला आहे? वेळ नियम सांगण्यापासून मोजतात की पहिल्या दानापासून? आणि त्या दिवशी कुठला भाग दुरुस्तीसाठी बंद आहे का?

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग ज्या एका खोलीसाठी मूल आठवडाभर वाट बघत होतं तिच्यावर पडदा लावलेला दिसतो. सेन्सरच्या खोल्या बिघडतातच, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा विचारायला हरकत नाही.

आम्ही सहा जण आहोत. सगळे एकाच पटावर खेळू शकतो ना?

शकता, पण खेळू नका. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

जागा विकत घ्यायच्या मोठ्या पटावर एका पाळीला साधारण दीड मिनिट लागतं: फासे आणायचे, टाकायचे, चालत जायचं, घरावरचं वाचायचं, घ्यायचं की नाही ठरवायचं, पैसे द्यायचे. सहा भिडू असतील तर प्रत्येकाला दोन पाळ्यांमध्ये साडेसात मिनिटं थांबावं लागतं. सहा वर्षांचं मूल इतका वेळ पटावर उभं राहत नाही. ते दुसऱ्याच्या घरात जातं, जमिनीवर आडवं होतं किंवा भावाला ढकलतं, आणि आपल्याला वाटतं की आज त्याचा मूड नाही.

आता पूर्ण तास बघा. दीड मिनिटाप्रमाणे तासात 40 पाळ्या होतात. सहा जणांत प्रत्येकी साडेसहा. दोन फाशांची सरासरी सात, म्हणजे साडेसहा पाळ्यांत 45 घरं. अशा पटावर घरं असतात 40, त्यामुळे प्रत्येकाची जेमतेम एक फेरी होते. पहिल्या फेरीत सगळे फक्त जागा घेत असतात. भाडं, सौदा, घर बांधणं या गमती दुसऱ्या फेरीपासून सुरू होतात, आणि नेमकी तेव्हाच वेळ संपते.

तेच सहा जण दोन-दोनच्या तीन जोड्या करून खेळले तर प्रत्येक जोडीला 13 पाळ्या मिळतात, 90च्या आसपास घरं होतात, दोन फेऱ्या पुऱ्या होऊन वर थोडं उरतं. थांबण्याचा वेळ तीन मिनिटांवर येतो. जोडीत एकाने फासा टाकायचा आणि चालायचं, दुसऱ्याने पैसे सांभाळायचे, आणि फेरी पुरी झाली की अदलाबदल. प्रत्येक मुलाच्या हातात कायम काहीतरी काम राहतं.

साप-शिडीत पाळी अर्ध्या मिनिटात होते, म्हणून तिथे चार भिडू चालतात. तरी वीस-वीस पाळ्या धरल्या तर डाव 40 मिनिटांचा होतो. मिल्टन ब्रॅडली या अमेरिकी कंपनीच्या प्रसिद्ध 100 घरांच्या साप-शिडीच्या पटावर एका भिडूला शेवटपर्यंत पोचायला सरासरी 39च्या आसपास चाली लागतात. कोणी तरी एक जण लवकर पोचतो म्हणून डाव आधी संपतो, पण खात्री नसते. घाई असेल तर 100ला नेमकं दान पडायलाच हवं हा नियम काढून टाका.

मुलांना खेळ आधी शिकवून न्यावं का?

हो, पण अर्धाच. घरी त्याच खेळाचा टेबलावरचा पट आणून एक छोटा डाव खेळा, फार तर 20 मिनिटं. तीन गोष्टी अंगवळणी पडल्या की पुरे: ज्या घरात उभे आहोत ते घर मोजायचं नाही, पाळी कुठल्या दिशेने फिरते, आणि दान टाकल्यावर फाशाला हात लावायचा नाही. पहिली गोष्ट मोठ्या पटावर फार चुकते. मूल उभ्या असलेल्या घरालाच ‘एक’ म्हणतं आणि दरवेळी एक घर मागे राहतं. उपाय सोपा आहे. पाऊल उचलल्याशिवाय तोंडातून आकडा काढायचा नाही.

सगळे नियम पाठ करून नेलेलं मूल तिथे चालणारा वेगळा नियम बघून अडून बसतं. केंद्रं वेळेसाठी नियम छाटतात, हे आधीच सांगून ठेवा.

मोठा फासा टाकताना भांडणं होतात. दान कोणतं धरायचं?

स्पंजचा फूटभर फासा लहान फाशासारखा घरंगळत नाही. लहान मूल तो दोन्ही हातांनी पोटाशी धरतं आणि सरळ खाली सोडतं. फासा जागच्या जागी थपकन बसतो आणि वर धरलेली बाजू वरच राहते. पाच-सहा पाळ्यांत मुलांच्या लक्षात येतं की सहा वर धरून सोडलं की सहाच पडतं. यात लबाडी असतेच असं नाही, पण दुसऱ्या मुलाला ती दिसते आणि रडीचा डाव सुरू होतो.

म्हणून पहिल्या दानाआधीच ठरवा: फासा हात सुटल्यावर निदान एकदा पूर्ण उलटला पाहिजे, नाहीतर दान पुन्हा. भिंतीवर किंवा गादीवर आपटून परत येऊ देणं सगळ्यात चांगलं. जुन्या फाशाचे कोपरे दबलेले असतात आणि तो एकाच बाजूवर बसतो. तसं वाटलं तर बदलून मागा, केंद्राकडे दुसरा असतो. फासा भिंतीला टेकून तिरका राहिला तर दान बाद. पटाबाहेर गेला तर बाद की ग्राह्य हे तुम्ही ठरवा, पण एकदाच ठरवा. आणि फासा बरोबर आहे का तपासायचं असेल तर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते का बघा.

लुडोच्या पटावर मुलाला सहा पडतच नाही. ते घरातच उभं राहतं आणि रडकुंडीला येतं.

हे दुर्दैव वाटतं तितकं दुर्मीळ नाही. सहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे 33 टक्के आहे, म्हणजे तिघांतला एक. चार मुलं खेळत असतील तर एखादं अडकून पडणार हे धरूनच चाला. टेबलावर पाळी पटकन येते म्हणून चालून जातं. मोठ्या पटावर मूल दहा-पंधरा मिनिटं चौकोनात उभं असतं.

डाव सुरू करतानाच प्रत्येकाची एक सोंगटी बाहेर काढून ठेवा. किंवा एक आणि सहा, दोन्हींवर बाहेर पडता येईल असं ठरवा. मग सहा पाळ्यांत अडकून राहायची शक्यता नऊ टक्क्यांच्या खाली येते. सगळ्यांना एकच नियम लावा. रडणाऱ्यासाठी मध्येच नियम बदलला की बाकीचे रुसतात.

एक नऊ वर्षांचा, एक पाच वर्षांची. दोघांना एकत्र खेळवायचं कसं?

पूर्वापार चालत आलेला लिंबूटिंबूचा नियम इथे अर्धाच चालतो. पाच वर्षांच्या मुलाला लिंबूटिंबू केलं की त्याची सोंगटी मारत नाहीत, तुरुंगात पाठवत नाहीत. पण त्याचं जिंकणंही खरं धरलं जात नाही, आणि पाच वर्षांच्या मुलाला ते कळतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच वजन द्या: साप-शिडीत धाकटीला 15 घरं पुढून सुरू करू द्या, किंवा पहिले दोन साप तिला लागू नाहीत असं ठरवा. पुढचा डाव बरोबरीत.

पैशांच्या पटावर मात्र वजन देऊन भागत नाही, कारण अडचण आकडेमोडीची असते. तिथे धाकटीची मोठ्या माणसाशी जोडी करा आणि थोरल्याला बँक सांभाळायला द्या. नऊ वर्षांच्या मुलाला बँकेचं काम मनापासून आवडतं आणि त्याची शिकवण्याची हौसही भागते. भावंडांची आपसांत जोडी लावणं टाळा. थोरला धाकटीची पाळीही स्वतःच खेळतो.

हरल्यावर मूल भोकाड पसरतं. काय करावं?

हरल्याचं रडू दोन-तीन मिनिटांत ओसरतं, मध्ये कोणी भाषण दिलं नाही तर. पटाच्या कडेला घेऊन जा, जवळ बसा, पाणी द्या. ‘खेळच तर आहे’ असं म्हणू नका. त्याच्यासाठी त्या क्षणी तो खेळ खराच असतो. थोडं शांत झालं की त्याला पुढच्या कामात घ्या: दान मोजून सांगणं, पत्ते वाचणं, उरलेल्या भिडूंचा पंच होणं.

भिडू बाद होणारे खेळ आठ वर्षांखाली खेळूच नका. बाद झालेलं मूल उरलेला अर्धा तास करणार काय? दिवाळं निघालं तर सुरुवातीच्या रकमेच्या निम्मी देऊन पुन्हा डावात घ्या.

मग आपण मुद्दाम हरावं का?

दानाच्या खेळात गरजच नाही. साप-शिडीत आईलाही तितकेच साप लागतात, आणि म्हणूनच तो लहान मुलांसाठी चांगला खेळ आहे. बुद्धिबळासारख्या खेळात मुद्दाम केलेली चूक सहा-सात वर्षांचं मूल ओळखतं आणि त्याला ते जास्त लागतं. तिथे उघडपणे आपला वजीर काढून खेळा.

मनगटपट्टी किंवा कार्ड चालत नाही, गुण जमा होत नाहीत. काय चुकतं?

बहुतेक वेळा पट्टी सैल असते आणि चिप मनगटाच्या आतल्या बाजूला फिरते. रीडरवर, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या यंत्रावर, चिपची बाजू टेकवून सेकंदभर स्थिर धरायची असते. मुलं नुसती थाप मारतात, आणि रागावून पुन्हा पुन्हा मारतात. दुसरं कारण म्हणजे दोन पट्ट्या एकाच हाताजवळ आल्या की रीडर गोंधळतो, म्हणून मुलाचा हात धरून टेकवताना तुमची पट्टी असलेला हात वापरू नका. हरवण्याची भीती असेल तर नोंदणीतच मुलांची नावं तुमच्या खात्याला जोडून घ्या. नवी पट्टी दिली तरी गुण राहतात. पहिल्या खोलीत गुण दिसले की नाही ते तिथेच तपासा. शेवटी तक्रार केली तर मागचे गुण क्वचितच मिळतात.

कपडे, बूट, सामान यांचं काय?

छापील किंवा गादीच्या पटावर बूट चालत नाहीत, म्हणून तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे न्या. साध्या मोज्यांनी गुळगुळीत पटावर पाय सरकतो, आणि मुलं चार घरं मागे जाऊन मुद्दाम घसरतात. रचलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्याचा विभाग असेल तर उलटं करा, तिथे बंद बूट हवेत. मोठ्या जेंगात टेबलावरच्या डब्याप्रमाणेच 54 ठोकळे असले तरी एकेक वजनदार असतो, आणि मनोरा पडतो तो खेळणाऱ्याच्या पायांवर. मुलांना उभं राहून हात लांब करून काढायला शिकवा, मनोऱ्याखाली बसून नाही.

लांब फ्रॉक आणि ओढणी ट्विस्टरसारख्या खेळात (जमिनीवरच्या रंगीत गोलांवर हात-पाय टेकवायच्या) पायात येते. बाकी सामान जितकं कमी तितकं बरं.

कोड्याच्या बंद खोलीत मूल घाबरलं तर?

आत जाण्याआधी कर्मचाऱ्याला मुलासमोर विचारा की दार आतून कसं उघडतं, आणि मुलालाच एकदा उघडून बघू द्या. अशा खोल्यांना आतून बाहेर पडायची सोय असायलाच हवी: बटण किंवा उघडं दार. ती कोणी दाखवू शकत नसेल तर आत जाऊ नका. सहा वर्षांखालच्या मुलाला काळोखाच्या खोलीचा आग्रह नको. बाहेर थांबून पडद्यावर आतलं बघायची सोय असेल तर तीही गंमत असते.

मुलाला मोठा आवाज, लुकलुकते दिवे सहन होत नाहीत. तरी नेता येईल?

येईल, पण शांत स्लॉट मागा. काही केंद्रं ठरावीक वेळी आवाज आणि दिवे कमी ठेवतात. तसं नसेल तर सकाळचा पहिला स्लॉट घ्या (वर स्लॉटचं उत्तर पाहा). आवाज अडवणारे कानांवरचे मफ न्या, आणि बसायला शांत कोपरा कुठे आहे ते आल्याआल्याच बघून ठेवा. बक्षिसाचे भोंगे अचानक वाजतात. कुठल्या खोलीत वाजतात हे कर्मचारी सांगू शकतात. आकडी येणारं मूल असेल तर झपाट्याने लुकलुकणारे दिवे कुठे आहेत हे बुकिंगआधीच विचारा आणि डॉक्टरांशी बोला.

मुलाला लाल-हिरवा रंग वेगळा दिसत नाही. अडेल का?

लुडो आणि ट्विस्टरमध्ये अडेल. मुलग्यांमध्ये हे जास्त आढळतं आणि अनेकदा आधी खेळतानाच लक्षात येतं. लुडोत त्याला निळा द्या आणि लाल-हिरव्यापैकी एकच रंग डावात ठेवा. ट्विस्टरमध्ये एकेका रंगाची रांग असते, म्हणून रंगाऐवजी ‘पहिली रांग, दुसरी रांग’ असं पुकारा.

व्हीलचेअर पटावर जाते का?

छापील जमिनीवर जाते, मऊ गादीवर चाकं रुततात. पटाचा कोणता प्रकार आहे हे फोनवर विचारा. घराची रुंदी साधारण मीटरभर असेल तर खुर्ची एका घरात मावते. त्याहून लहान असेल तर मूल खुर्चीत पटाच्या कडेला राहून फासा टाकू शकतं आणि भिडू त्याची सोंगटी चालतो.

टेबलावरच्या खेळातला तुकडा हरवला तर भरपाई द्यावी लागते का?

बऱ्याच ठिकाणी लागते, म्हणून डबा घेतानाच कर्मचाऱ्यासमोर मोजा. कॅरममध्ये नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि राणी मिळून 19 सोंगट्या आणि स्ट्रायकर. बुद्धिबळात 32 मोहरी. लुडोत 16 सोंगट्या. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये 100 चकत्या, त्यांतल्या दोन कोऱ्या. पत्ते जोकर सोडून 52. आधीच कमी असेल तर तेव्हाच सांगा. शंभर चकत्या मोजायचा कंटाळा येत असेल तर लहान मुलांसाठी तो डबा घेऊच नका.

मुलाने तुकडा गिळला तर?

श्वास अडकला, आवाज निघत नाही, खोकताही येत नाही असं दिसलं तर लगेच मदतीसाठी ओरडा. प्रथमोपचार येणाऱ्या माणसाने पाठीवर थापा आणि पोटावर दाब सुरू करायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवायची. दिसत नसलेला तुकडा काढायला तोंडात बोट घालू नका, तो आणखी आत जातो.

इलेक्ट्रॉनिक घड्याळ किंवा बझरमधली बटण बॅटरी गिळल्याची नुसती शंका असली तरी मूल ठीक दिसतंय म्हणून थांबू नका. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही भाजल्यासारखी जखम करू शकते. थेट रुग्णालयात जा. उलटी करवू नका.

गर्दीत मूल दिसेनासं झालं तर?

आत शिरताच एक ठळक जागा दाखवून ठेवा, उदाहरणार्थ पटाचं सुरुवातीचं घर. हरवलो की तिथे उभं राहायचं, शोधत फिरायचं नाही. मनगटपट्टीच्या आत तुमचा फोन नंबर लिहा. दिसेनासं झालं की आधी बाहेरच्या दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याला सांगा, मग शोधा.

वाढदिवसाला 12 मुलं आहेत. कसं बसवू?

चार-चारचे तीन गट करा आणि तीन ठिकाणी फिरवा: पट, खोल्या, टेबल. दर 25 मिनिटांनी बदल. प्रत्येक गटासोबत एक मोठा माणूस कायम हवा, मुलं पाचच्या खाली असतील तर दोन. एकमेकांशी भांडणाऱ्या दोघांना आधीच वेगळ्या गटांत टाका. बक्षीस जिंकणाऱ्याला देऊ नका, सगळ्यांना तेच द्या. वाढदिवसाचं मूल पहिल्याच खेळात हरलं तर पुढचा सगळा वेळ अवघड जातो, म्हणून त्याची सुरुवात खोल्यांपासून करा.

उशीर झाला किंवा मूल ऐनवेळी आजारी पडलं तर?

उशिराचा वेळ सहसा वाढवून मिळत नाही, कारण मागचा गट उभा असतो. आजारपणात तारीख बदलून देतात, पण किती तास आधी कळवायचं ते तिकिटावर लिहिलेलं असतं. ताप किंवा उलट्या असताना नेऊ नका. तोच फासा दिवसभर शेकडो हातांतून जातो.

मुलांना सोडून आम्ही बाहेर थांबू शकतो का?

बहुतेक ठिकाणी ठरावीक वयाखाली परवानगी नसते. परवानगी असली तरी दहाच्या आतल्यांना सोडू नका, कारण खेळ चालवणारा माणूस नियम सांगतो, भांडण मिटवणं त्याचं काम नसतं.

बाहेर पडायची वाट दुकानातूनच आहे. हट्ट कसा टाळावा?

घरून निघतानाच ठरवा: काही घ्यायचं नाही, किंवा प्रत्येकी एक वस्तू आणि तिची कमाल किंमत. दुकानात गेल्यावर ठरवलेला नियम टिकत नाही.

वेळ संपली आणि डाव अर्धाच राहिला. जिंकलं कोण?

हे शेवटच्या दहा मिनिटांत ठरवायला गेलात तर भांडण ठरलेलं, म्हणून डाव मांडतानाच सांगा. सगळ्यांच्या पाळ्या सारख्या झाल्यावरच थांबायचं. ज्याने सुरुवात केली त्याची पाळी पुन्हा यायच्या आधी फेरी संपवायची.

साप-शिडीत पुढच्या घरावरचा जिंकला. लुडोत आधी घरात गेलेल्या सोंगट्या मोजा, त्या सारख्या असतील तर उरलेल्यांत सगळ्यात पुढे कोण ते बघा. जागा-खरेदीच्या पटावर हातातले पैसे, जागांची छापील किंमत, गहाण जागा असेल तर निम्मी, आणि घरं विकत घेतलेल्या किमतीने धरून बेरीज करा. लहान मुलांसोबत एवढी बेरीज लांबते, तिथे फक्त रोख आणि जागांची संख्या पुरे. बुद्धिबळात उरलेल्या मोहऱ्यांचे गुण: प्यादं एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. शेवटचे फोटो काढायचे असतील तर या मोजणीआधी काढा, कारण मोजणी होताच कर्मचारी पट पुढच्या गटासाठी आवरायला घेतात.